चौदा एप्रिलची रजा

दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमच्या ऑफिसात पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची मेल येते. दहा सुट्ट्या, त्यातल्या आठ ठरलेल्या आणि दोन फ्लोटर, म्हणजे खालच्या यादीतून ज्याला ज्या हव्या त्या निवडायच्या. मेल आली की सगळा फ्लोअर आधी लाँग वीकेंड शोधतो, कुणी कोकणातलं बुकिंग बघतं, कुणी गणपतीला गावी जायचं गणित मांडतं. मी पण उघडते, पण माझी नजर सरळ एप्रिलवर जाते. हिंजवडीतल्या या कंपनीत मला तेरा वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं चौदा एप्रिल त्या यादीत नव्हता, वरच्या आठात नाही आणि खालच्या फ्लोटरमध्येही नाही.

मग मी काय करायचे, तर कॅज्युअल लीव्ह टाकायचे आणि कारणाच्या जागी लिहायचे "पर्सनल". मॅनेजरने विचारलंच तर "घरी कार्यक्रम आहे". खोटं नव्हतं ते. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी वंदना होते, आई खीर करते, संध्याकाळी सगळे मिळून पुणे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला जातो, रात्री उशिरापर्यंत गर्दीत फिरतो. पण कार्यक्रम कसला हे मी सांगत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये "काय मग, काय होतं काल" असं कुणी विचारलं की विषय बदलायचे. हे आपण टाळतोय हेसुद्धा मला किती वर्षं जाणवलं नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मोठ्या कंपन्यांमध्ये ईआरजी नावाचा प्रकार असतो, एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप. कर्मचाऱ्यांनीच काढायचे, कर्मचाऱ्यांनीच चालवायचे गट. बायकांचा एक, अपंग सहकाऱ्यांचा एक, एलजीबीटी सहकाऱ्यांचा एक, कुठे लहान मुलांच्या आईवडिलांचा. वरच्या लेव्हलचा एक साहेब किंवा मॅडम स्पॉन्सर म्हणून असतात, थोडं बजेट असतं, आणि बाकी सगळं काम आपापल्या वेळेत, म्हणजे डिलिव्हरी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत नाहीतर कॅबमध्ये बसून फोनवर. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि अप्रेझलमध्ये त्याची एक ओळ आली तर आली. मी आमच्या बायकांच्या गटात सात वर्षं आहे आणि मनापासून आहे, कारण या गटांनी काय होऊ शकतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या मजल्यावर एक कर्णबधिर मुलगा होता, टेस्टिंगमध्ये. फार हुशार. मीटिंगमध्ये तो सगळ्यांच्या ओठांकडे बघत बसायचा, कुणी मान फिरवली की वाक्य गेलं. त्याने गटात एवढंच मागितलं की कॉलवर कॅप्शन चालू ठेवा आणि मीटिंग संपल्यावर दोन ओळींत काय ठरलं ते लिहून पाठवा. बस्स. हे व्हायला चार महिने लागले, पण झालं, आणि मग कळलं की ती दोन ओळींची मेल सगळ्यांनाच हवी होती. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे ७ चे २१ प्रकार झाले, कंपन्यांनी समान संधीचं धोरण लिहून ठेवायचं असंही त्यात आलं, पण धोरण लिहिलेलं असणं आणि कॉलवर कॅप्शन चालू असणं यामधलं जे अंतर असतं ना, ते कुणीतरी रोज उठून पार करावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते त्याच माणसाला करावं लागतं ज्याला त्रास आहे.

किंवा ६ सप्टेंबर २०१८. समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असा सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमाबद्दल निकाल दिला त्या दिवशी आमच्या टीममधला एक जण बाथरूममध्ये जाऊन रडून आला आणि परत येऊन कोडिंगला बसला. कुणाला काही कळलं नाही. त्याने मला ते दोन वर्षांनी सांगितलं, गट सुरू झाल्यावर, तेव्हा त्याच्या हातात कपभर चहा होता आणि हात स्थिर होता. मला या गटांबद्दल कुणी वाईट बोललेलं म्हणूनच आवडत नाही.

पण जातीबद्दल त्या कुठल्याच गटात एक शब्द नव्हता.

एकदा वर्षाचं प्लॅनिंग चाललं होतं, मार्चमध्ये महिला दिन, जूनमध्ये प्राइड, डिसेंबरमध्ये अपंग दिन, कॅलेंडर भरत होतं, आणि मी म्हटलं एप्रिल रिकामा आहे, आपण चौदा एप्रिलला काही करूया का. खोलीत नऊ जण होते. जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. मग एक जण म्हणाली, अगं आपल्याकडे असं कुणी जातबित बघत नाही गं, कशाला उगाच. दुसरा म्हणाला हे जरा पॉलिटिकल होतं, एचआर नाही म्हणेल. आणि पुढचा मुद्दा आला.

कुणी वाईट माणसं नव्हती ती, आजही माझी मित्रमंडळी आहेत. पण याच ऑफिसात गणपती बसतो, नवीन मजला सुरू झाला तेव्हा सत्यनारायण झाला, मी दोन्हीकडे हात जोडून उभी राहिले आणि प्रसाद घेतला, त्याला कुणी पॉलिटिकल म्हटलं नाही आणि म्हणावं असं माझं म्हणणंही नाही. आणि जात बघत नाही म्हणतात, तर जॉइन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात "पूर्ण नाव काय तुमचं?" आणि आडनावाने समाधान झालं नाही की "मूळचे कुठले?", मग "तिकडे म्हणजे नेमकं कुठे?", हे प्रश्न कशासाठी असतात ते विचारणाऱ्याला कदाचित कळत नसेल, उत्तर देणाऱ्याला पहिल्या प्रश्नालाच कळतं. आपले अमरावतीकडचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी यावर एक प्रयोग केला होता, २००७ साली छापून आला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले, शिक्षण वगैरे सारखंच, फरक फक्त नावात. सवर्ण वाटणाऱ्या नावाला बोलावणं येण्याची शक्यता १ धरली तर दलित वाटणाऱ्या नावाला ती ०.६७ निघाली आणि मुसलमान नावाला ०.३३. अजून कुणी समोर आलेलं नाही, बोललेलं नाही, फक्त कागदावरचं नाव. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला धक्का बसला नाही. माझी मावसबहीण अर्जावर आडनावाऐवजी फक्त इनिशियल लिहायची ते आठवलं.

त्या मीटिंगनंतर रविवारी घरी गेले तेव्हा पप्पांना सांगितलं. पप्पा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत. मला वाटलं चिडतील, पण ते म्हणाले, "अगं हे सगळं सुट्टीवरूनच सुरू झालं होतं, आपल्या पुण्यातच, तुला दीना भानांचं माहीत नाही?" मला नाव ऐकून माहीत होतं, गोष्ट माहीत नव्हती. लहानपणी आमच्या घरी रविवारी माणसं जमायची, बाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी, आई मोठ्या पातेल्यात चहा टाकायची आणि आम्हाला सांगायची कॅडरची मीटिंग आहे, आवाज करू नका. ती माणसं सगळी नोकरीवाली, कुणी पोस्टात, कुणी बँकेत, कुणी शाळेत. काय बोलायची ते मला कळायचं नाही, मला फक्त चपला मोजायला आवडायचं.

तर गोष्ट अशी. पाषाणला संरक्षण खात्याची स्फोटकांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, तेव्हा तिला ईआरडीएल म्हणायचे, आता एचईएमआरएल. साठच्या दशकाच्या मध्यावर तिथे आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीची सुट्टी रद्द झाली आणि त्याऐवजी टिळक आणि गोखले जयंतीची सुट्टी आली. दीना भाना तिथे चतुर्थ श्रेणी कर्मचारी होते, राजस्थानातून आलेले, वाल्मीकी समाजातले. महाराष्ट्रातले नाहीत, बौद्धही नाहीत, आणि या सुट्टीसाठी उभे राहिले ते. बाकीच्यांनी समजावलं, जाऊ दे, कशाला नोकरी घालवतोस, पण ते मागे हटले नाहीत आणि सस्पेंड झाले. त्याच ऑफिसात पंजाबहून आलेले एक अधिकारी होते, कांशीराम, ज्यांनी पुढे बसपा काढली तेच. त्यांना तोवर बाबासाहेबांची फारशी ओळख नव्हती. हा चतुर्थ श्रेणीतला माणूस एका सुट्टीसाठी नोकरी पणाला लावतोय याचंच त्यांना नवल वाटलं आणि ते त्याच्या बाजूने उभे राहिले. तिथलेच सहकारी डी. के. खापर्डे यांनी त्यांना बाबासाहेबांचं लिखाण वाचायला दिलं. प्रकरण कोर्टात गेलं, दीना भाना परत कामावर आले, सुट्ट्याही परत आल्या.

१९७१ साली या लोकांनी पुण्यात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांची कल्याण संघटना काढली, आणि ६ डिसेंबर १९७८ ला दिल्लीत बामसेफ, म्हणजे अशाच कर्मचाऱ्यांची देशभरची संघटना, जाहीर झाली. पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी जात नाही. पण पप्पा म्हणाले ते मला महत्त्वाचं वाटलं. ते म्हणाले, "ती युनियन नव्हती बरं का. तिथे पगारवाढ, बदली, प्रमोशन यावर बोलायचं नाही असं कांशीराम साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. तुम्हाला नोकरी समाजामुळे मिळाली, आता तुमचा वेळ, पैसा आणि डोकं समाजाला परत द्या." पे बॅक टू सोसायटी. पप्पा दर महिन्याला पगारातून पैसे काढून ठेवायचे, आमच्याकडे बरीच वर्षं फ्रिज नव्हता तेव्हाही. आईची त्याबद्दल तक्रार होती, आणि ती तक्रार चुकीची होती असं मी म्हणणार नाही, घर तिने चालवलं होतं.

हे ऐकल्यावर मी ऑफिसच्या ट्रेनिंगची स्लाइड पुन्हा काढून बघितली. ईआरजींचा इतिहास म्हणून तिथे लिहिलेलं असतं, झेरॉक्स, रॉचेस्टर, १९७०. ते खरंच आहे आणि ती गोष्टही मोठी आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात जुलै १९६४ मध्ये वांशिक दंगल झाली, झेरॉक्स तिथलीच कंपनी, तिचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी काळ्या लोकांना नोकरीत घ्यायला सुरुवात केली. घेतलं, पण आत आल्यावर काय? सॅन फ्रान्सिस्कोकडच्या काळ्या सेल्समनना कळलं की आपल्याला दिलेले एरियाच असे आहेत की तिथे मशीन विकलं जाणारच नाही, चांगले एरिया दुसऱ्यांकडे, आणि मग आकडे दाखवून आपल्यालाच कमी ठरवतात. ते ऑफिस सुटल्यावर एकत्र जमायला लागले. एकमेकांना विक्रीच्या युक्त्या शिकवायचे, नवीन आलेल्याची तयारी करून घ्यायचे, आणि १९७१ मध्ये एरियाच्या वाटपावरून कोर्टातही गेले. देशभरच्या अशा गटांतून काळ्या कर्मचाऱ्यांचं कॉकस, म्हणजे आपली बाजू मांडणारा गट, उभं राहिलं. याच कंपनीत १९८० साली इंटर्न म्हणून आलेल्या अर्सुला बर्न्स २००९ मध्ये तिच्या सीईओ झाल्या.

रॉचेस्टर १९७०, पुणे १९७१. एका वर्षाचा फरक. तिकडे विक्रीच्या एरियाचा नकाशा, इकडे सुट्टीची यादी. स्लाइडवर पहिलं आहे, दुसरं नाही, आणि ते ट्रेनिंग पाषाणपासून तासाभरावर बसून आम्ही घेतो. मला वाईट याचं वाटलं की ट्रेनिंग मी स्वतः तीनदा दिलं होतं.

मी परत विचारलं, यावेळी कायदा वाचून. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ पगारी सुट्ट्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आणि बाकीच्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. आपसात. मी एवढंच विचारलं की आमच्या चार कुणी आणि कुणाला विचारून ठरवल्या. उत्तर यायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या मुद्द्यामुळे आलं असंही मला वाटत नाही.

कारण मधल्या काळात अमेरिकेत बऱ्याच गोष्टी घडल्या होत्या. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को या टेक कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला, एका दलित इंजिनियरच्या तक्रारीवरून. कंपनीने आरोप नाकारले, दोन मॅनेजरांवरचा दावा २०२३ मध्ये मागेही घेतला गेला, पण तोवर विषय बंद खोलीतून बाहेर आला होता. २०२० च्याच ऑक्टोबरमध्ये तिथल्या मोठ्या टेक कंपन्यांमधल्या ३० दलित महिला इंजिनियरांनी नावं न देता एक निवेदन काढलं, ते मी रात्री दीड वाजता वाचलं आणि झोपले नाही. अॅपलने कर्मचाऱ्यांच्या नियमात जात हा शब्द घातला, आयबीएमनेही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदीच घातली, ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक मात्र २०२३ च्याच ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांच्या नकाराधिकाराने अडलं.

आमच्या कंपनीचं हेड ऑफिस तिकडेच. एक दिवस नवीन कोड ऑफ कंडक्ट आला, त्यात वंश, धर्म, लिंग यांच्या रांगेत 'कास्ट' असा शब्द, आणि सगळ्यांनी वाचून खाली टिक करायची. जे मी मराठीत, पुण्यात, समोर बसून म्हटलं तेव्हा पॉलिटिकल होतं ते तिकडून इंग्रजीत आल्यावर पॉलिसी झालं. आनंद झाला, झाला नाही असं कसं म्हणू, पण घशात काहीतरी अडकलंही. त्या डिसेंबरच्या यादीत फ्लोटरमध्ये शेवटून दुसरी ओळ होती, १४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंती. मी स्क्रीनशॉट काढून पप्पांना पाठवला. त्यांनी फोन केला आणि म्हणाले, ऑप्शनल का? मी म्हटलं पप्पा, सुरुवात आहे. ते म्हणाले, हं.

गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा ऑफिसात जयंती केली, आदल्या दिवशी. वेगळा गट नाही मिळाला, बायकांच्या आणि अपंगांच्या गटाने मिळून केली, आणि मला ते बरंच वाटलं, कारण प्रसूतीच्या रजेचा मुद्दा बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधान परिषदेत मांडला होता, बायकांच्या गटाला त्यांच्याबद्दल बोलायला वेगळं निमित्त लागत नाही. चाळीसेक माणसं आली. माझ्यापासून दोन टेबलं सोडून सहा वर्षं बसणारा एक मुलगा, ज्याच्याबरोबर मी शंभर वेळा जेवले असेन, तो कार्यक्रम संपल्यावर जवळ आला आणि हळू आवाजात जय भीम म्हणाला. मी पण म्हटलं. सहा वर्षं! त्याचंही कारण दरवर्षी "पर्सनल" होतं.

या वर्षी बजेट कमी झालंय. जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत वरूनच, म्हणजे सरकारकडूनच, वारं फिरलं, बऱ्याच कंपन्यांनी सगळ्यांना सामावून घेण्याच्या या कामातून अंग काढून घेतलं, काहींनी गटांची नावं बदलून गुळगुळीत केली. आमचं झालंय ते एवढंच की केक आणि बॅनर बंद झाले, आणि त्याने माझं काही अडत नाही, दीना भानांकडे तरी कुठला बॅनर होता.

मला अडतंय ते दुसरंच. जयंतीच्या त्या कार्यक्रमात दाराबाहेर हाउसकीपिंगच्या दोन मावशी उभ्या होत्या, हातात मॉप, आत फोटोला हार घातला तेव्हा दोघींनी तिथूनच हात जोडले. मी म्हटलं आत या ना. एक म्हणाली, "मॅडम, आम्हाला चालत नाही, सुपरवायझर ओरडतो." मला आधी पटलं नाही म्हणून मी गटाचे नियम काढून बघितले, तर खरंच, सभासद फक्त कंपनीच्या पेरोलवरचे. हाउसकीपिंग, पँट्री, सिक्युरिटी, कॅबचे ड्रायव्हर, हे सगळे व्हेंडरचे, त्यांच्या गळ्यातल्या आयकार्डची लेस हिरवी, आमची काळी. त्यांच्या सुट्ट्यांची यादी ठेकेदाराकडे, आणि फ्लोटर वगैरे त्यांना नाहीच. आणि आमच्या इमारतीत आमच्यातले लोक सगळ्यात जास्त कुठे आहेत म्हणाल तर हिरव्या लेसमध्ये.

दीना भाना आज आमच्या ऑफिसात असते तर? चतुर्थ श्रेणी ही श्रेणीच आता पेरोलवर राहिलेली नाही. त्यांची लेस हिरवी असती. सुट्टीसाठी बोलले असते तर सस्पेंशनची ऑर्डरसुद्धा निघाली नसती, ठेकेदाराला एक फोन गेला असता आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला असता. कांशीरामांना ते कळलंही नसतं, कारण ते काळ्या लेसमध्ये आणि त्यांचा फ्लोअर वेगळा. हे मी पप्पांना बोलून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग तुम्ही काय करताय?"

तर आम्ही सध्या हे करतोय. नियमातला "पेरोलवरचे" हा शब्द काढून "या इमारतीत काम करणारे" असा घालावा म्हणून लिहून दिलंय, त्यावर लीगल बघतंय असं उत्तर आहे. व्हेंडरच्या करारात सुट्ट्यांची अट टाकता येते का हे अॅडमिनला विचारलंय, ते म्हणाले करार मार्चमध्ये रिन्यू होतो, तेव्हा बघू, म्हणजे मार्चमध्ये परत मागे लागायचं. आणि कार्यक्रमाची वेळ बदललीय. मागच्या वेळी चार वाजता होता, हाउसकीपिंगची शिफ्ट तीनला बदलते, म्हणून यावेळी पावणेतीन ते सव्वातीन, म्हणजे जाणारेही येतील आणि येणारेही. सुपरवायझरशी मी स्वतः बोलले, तो बीडचा आहे, आधी नाही म्हणाला, मग म्हणाला अर्धा तास देतो पण लेखी द्या. लेखी दिलंय. मोठी खोली मिळाली नाही, कँटीनच्या मागची मिळालीय, साठ खुर्च्यांची.